कोकरांची घोंगडी

भूतखेत, करणी, अंगात येणं... यातलं मी काही मानत नाही. अंगात येणाऱ्या बायका मी जवळून बघितल्या आहेत. घरात मार पडला की त्यांच्या अंगात यायचं. तेव्हा पुढचं वाचून कुणी मला भोळी समजू नये. माहेरी पिंगळीला चौथीपर्यंत शिकले आहे, आणि जे माझ्या हाताला लागलं तेवढंच लिहिते आहे.

माझी नात ट्रेकिंगला जाते. परवा बॅगेवर वॉटरप्रूफ कव्हर चढवत होती. मी म्हणलं, काडेपेटी पिठात खुपस आणि पीठ गाठोड्याच्या मधोमध ठेव, भिजत नाही. ती हसायला लागली. "आज्जी, तुला कुणी शिकवलं हे?" त्यावरून हे सगळं वर आलं.

निजामाचं राज्य होतं. रझाकारांच्या धुमाकुळाच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. सासर धनगराचं. पाऊस लागला की गोदाकाठच्या काळ्या रानात चिखलानं मेंढरांची खुरं सडतात, म्हणून आम्ही कळप घेऊन राणीसावरगावकडच्या मुरमाड माळावर जायचो. दिवसभराची चाल. त्या वर्षी सासरा, नवरा आणि मी, अशी तीनच मोठी माणसं होतो. सासू आदल्या वर्षी गेली होती. आणि माझी मुलगी... दीड महिन्याची.

घोंगड्या दोन. एक नवी आणि एक सासूची जुनी. नव्या घोंगडीला चिंचोक्याची खळ दिलेली असते. चिंचोके शिजवून केलेली ती चिकट खळ लोकरीत बसली की घोंगडी ताठ राहते, पाणी वरच्या वर निथळून जातं. धुऊन धुऊन खळ निघून गेली की घोंगडी मऊ पडते आणि पाणी पिते. सासूची तशीच झाली होती. कोपऱ्याला तांबडं ठिगळ होतं.

निघायच्या दिवशी पहाटे दोन मेंढ्या व्याल्या. तीन कोकरं झाली. सासऱ्यानं ती घोड्यावरच्या जाळीत बसवली आणि म्हणाला, "नवी हिकडं आण."

"मामा, लेकरू लय बारीक हाय. नवी तिला राहू द्या, कोकरांवर जुनी टाकू."

"कोकरू भिजलं की मरतंय."

"आन् लेकरू?"

"पोरगीच हाय की ती. पोरी कुटं मरत्यात, गोदे? तूच बघ, मेलीस का?"

नवरा हसला.

ते दोघं कळपाबरोबर पुढं गेले. मी घोड्याचा लगाम धरून मागं. पोरीला जुन्या घोंगडीत गुंडाळून पोटाशी बांधलं, माझ्या डोक्यावर गोणपाट घेतलं. दुपारपर्यंत पावसानं असं झोडपलं की पातळ अंगाला चिकटून पाय उचलेना. आधी पोर रडत होती. मग गप झाली. मी आत हात घालून बघितलं नाही. मला वाटलं, गेली. नवी घोंगडी घोड्यावर, माझ्या हाताच्या अंतरावर होती. मी चालत राहिले.

माळावर पोचलो तेव्हा पाऊस उघडला होता, चांगला उजेड होता. सासऱ्यानं जाळीवरची नवी घोंगडी उचलायला घेतली, तर ती एकट्याला उचलेना. पाणी पिऊन नुसता लोळागोळा. खळीचा मागमूस नाही. खाली तिन्ही कोकरं गार पडलेली.

मी पोरीला सोडलं. हाताला घोंगडी कडक लागली... पापडासारखी. ताज्या खळीचा वास येत होता. कोपऱ्याला तेच तांबडं ठिगळ. आत पोर झोपलेली, गळ्याला घाम आलेला. खालचं फडकं तेवढं ओलं, ते तिचं तिनं केलेलं.

सासरा म्हणाला, "वाटंत बदललीस न्हवं?"

"न्हाई मामा. हात लावून तर बघा ह्या घोंगडीला."

"मला शिकवायलीस? नवी पोरीवर घातलीस, कोकरं भिजवलीस, आन् इथं येताना परत जाग्यावर टाकलीस. शाळा शिकलेली चोरटी!"

त्यानं हात लावला नाही. नवऱ्यानं लावला. लावला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला. मी म्हणलं, "सांगा की मामाला." तो कोकरांसाठी खड्डा खणायला गेला.

दुसऱ्या दिवशी बघितलं तर जुनी पुन्हा चिंधीसारखी मऊ.

बायका म्हणायच्या, सासूनं राखलं. सासूनं जिवंतपणी मला ताज्या भाकरीचा तुकडा दिला नाही. मेल्यावर ती पावसात कशाला येईल? देव म्हणावं, तर तीन कोकरांनी त्याचं काय बिघडवलं होतं? आता कुणी लॉजिक लावतात की लोकरीत तेल असतं, अंगाची ऊब असते. धनगराच्या सुनेला लोकर सांगू नका.

"कोकरं मारणारी" हे नाव सासऱ्यानं मरेपर्यंत चालवलं. नवऱ्यानं तोंड उघडलं नाही. पुढं हे पोरीच्या कानावर गेलं आणि तिनं त्याचा उलटाच अर्थ घेतला. आज तिची साठी उलटली आहे. जावयाला, नातीला, गल्लीतल्या बायकांना ती छाती फुगवून सांगते — माझ्या आईनं माझ्यासाठी सासऱ्याला फसवलं, कोकरांची घोंगडी काढून मला घातली. मी ऐकत बसते. कधी नाही म्हणलं नाही.

मी काढली नव्हती. सासरा पुढं होता, नवरा पुढं होता, बघायला कुणी नव्हतं. तरी मी सासऱ्याचं ऐकलं. पोर गप झाल्यावरही ऐकलं. तिला कुणी कोरडं ठेवलं हे मला आजही माहीत नाही. मी ठेवलं नाही, एवढं माहीत आहे.

ती हे वाचेल. वाचू दे.