कापलेली चाळीस सेकंदं

मंगळवारी सकाळी दिवेआगरला वादळ आलं... टीव्हीवर. बाहेर कडकडीत ऊन होतं आणि आई अंगणात कोकमं वाळत घालत होती.

कुठल्याशा चॅनेलवर लाल पट्टी, 'कोकण किनाऱ्यावर हाहाकार', आणि त्यात आमची नारळी-सुपारीची वाडी. सुपाऱ्या एकामागून एक आडव्या होतायत आणि मागून आई ओरडतेय, "अगं आत ये, मरायचंय का?"

हा व्हिडिओ माझा आहे. २०२० च्या वादळात पडवीतून काढलेला. तेव्हा मी सतरा वर्षांची होते. नेटवर्क आल्यावर टाकला आणि बघता बघता कुठच्या कुठे गेला.

तेव्हापासून देशात कुठेही वादळ आलं की आमची वाडी परत पडते. एकदा ओडिशात पडली, एकदा गुजरातमध्ये... आई आजवर पुण्याच्या पुढे गेलेली नाही, पण तिचं ओरडणं सगळीकडे जाऊन आलंय.

पहिली दोन वर्षं मी प्रत्येक व्हिडिओखाली जाऊन लिहायचे, 'जुना आहे, माझा आहे, काढा.' मग कंटाळा आला. या वेळी ग्रुपवर कुणीतरी टाकला तेव्हा मी स्क्रोल करून पुढे गेले... स्वतःच्याच घरावरून.

तुमच्या पिढीला कशाचं काही वाटतच नाही, असं मोठी माणसं म्हणतात. असेलही. दर तासाला कुठेतरी हाहाकार असतो, आणि त्यातला अर्धा कुणाचा तरी जुना व्हिडिओ असतो.

तर दहाच्या सुमारास बापूकाका जाळी ओलांडून आमच्या अंगणात आला. हे मात्र खरोखर ब्रेकिंग न्यूज होतं.

बापूकाका म्हणजे बाबांचा चुलतभाऊ, शेजारची वाडी त्याची. दोन वाड्यांच्या हद्दीवर उंडीचं मोठं झाड होतं. ते वादळात पडलं, जेसीबीने नेलं, खड्डाही बुजला. तेव्हापासून तिथे मच्छीमारांची फाटकी जाळी बांधलेली आहे.

यंदा पावसाआधी काकाला तारेचं कुंपण घालून कडेने सुपारीची रोपं लावायची होती. आई म्हणाली, उंडी जाळीच्या चार हात पलीकडे होती. काका म्हणाला, चार हात अलीकडे, आमच्या बाजूला. दोघंही खोटं बोलत नव्हते... दोघांनाही नक्की आठवत नव्हतं, एवढंच.

होळीपासून बोलणं बंद. बाबा नोकरीला अलिबागला, शनिवारी येतात आणि दोघांनाही 'बरोबर आहे' म्हणतात. शेवटी काकाने मोजणीचा अर्ज भरला, तो खिशात घालूनच फिरत होता, बुधवारी श्रीवर्धनला जाऊन देणार होता. एकदा सरकारी मोजणी आली की कुणीतरी हरतं, आणि मग गणपतीला एकमेकांकडे जाणं थांबतं. गावात अशी घरं आहेत, आम्ही बघितली आहेत.

काका आईकडे न बघता मला म्हणाला, "बाय, ह्या टीव्हीवाल्यांना कळव गो, आमच्याकडं पानबी हलत न्हाय. पोरगा मुंबैवरनं चारदा फोन करून बसला."

आई कोकमांना म्हणाली, "आधी म्हणावं आपापल्या जागेवर राहा. मग टीव्हीचं बघू."

"वैनीला सांग, जागेवरच हाय मी."

त्याने माझा फोन घेतला, व्हिडिओ दोनदा बघितला. "ह्याच्यात उंडी कुठाय?"

"आधीच पडली असेल."

"मग आधीचं दाव की."

मी लॅपटॉप आणायला उठले. कारण आधीचं होतं. चॅनेलवाल्यांनी नाही, मीच कापलं होतं... टाकण्याआधी, सुरुवातीची चाळीस सेकंदं. त्यात काहीच होत नव्हतं. उभी झाडं कोण बघणार?

ओरिजिनल फाइल इतकी वर्षं ड्राइव्हवर पडून होती आणि मी ती एकदाही उघडली नव्हती. माझं स्वतःचं वादळसुद्धा मला कापलेलंच आठवत होतं.

लॅपटॉप पडवीत ठेवला. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला काका. वारा, हलणारी वाडी, आणि विहिरीवरच्या रहाटाच्या डाव्या खांबाला लागून दिसणारी... उंडी.

विहीर तीच, खांब तोच. मी तेव्हा जिथे उभी होते तिथे काका जाऊन उभा राहिला, एक डोळा मिटून. उंडीची जागा जाळीच्या अलीकडे येत होती. चार नाही, दोनेक हात... पण अलीकडेच, काका म्हणत होता तशी.

आई म्हणाली, "परत लाव." लावला. "परत."

तिसऱ्यांदा ती उंडी बघत नव्हती. "जायफळ बघ किती भरलं होतं गं... आणि भावजी, तो तुमचा वाकडा माड."

"तोच ऱ्हायला ना. सरळ होते ते सगळे गेले."

मग आई उठली. "चहा टाकते. साखर बंद केलीत म्हणे?"

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगतात लोक."

आमच्या घरात चूक कबूल करायची याहून स्पष्ट पद्धत नाही. मोजणीचा अर्ज चहाच्या बशीखाली राहिला. बुधवार गेला, काका काही तो न्यायला आला नाही. आता त्यावर आईच्या बोटांचे कोकमाचे डाग आहेत.

ती चाळीस सेकंदं मी काल वेगळी टाकली. सत्तावीस व्ह्यूज आहेत, त्यातले वीस तरी आई आणि काकाचे. पडणारा व्हिडिओ तिकडे अजून फिरतोय, फिरू दे.

खाली एकाने विचारलंय, 'यात होतं काय?'

काही नाही. सगळी वाडी उभी आहे.