उमरोळीचं विरजण

नरहरी चुरींच्या घरातला फ्रीज उघडायचा असेल तर आधी कारण सांगावं लागतं. पाहुण्यांना हे माहीत नसतं. घिवलीत त्यांच्याकडे आलेला माणूस पाण्याच्या बाटलीसाठी सहज फ्रीजच्या दाराला हात लावतो आणि ओटीवरून आवाज येतो, "काय काढायचं ते आधी मनात ठरवा, मंग दार उघडा."

यात नरहरींचा दोष म्हटला तर आहे, म्हटला तर नाही. तेहतीस वर्षं ते एका सरकारी आरोग्य केंद्रात शिपाई होते आणि त्यातली सत्तावीस वर्षं लशींचा फ्रीज त्यांच्या ताब्यात होता. लस हे नाजूक प्रकरण. दोन ते आठ अंश, बस. वर गेली तर वाया, काही लशी तर गोठल्या तरी वाया. म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ तापमानाचा काटा बघायचा, वहीत लिहायचा, आणि दारही होता होईतो दोनदाच उघडायचं. त्या फ्रीजात स्वतःची सरबताची बाटली ठेवायला आलेल्या एका नव्या डॉक्टरांना नरहरींनी हात जोडून परत पाठवलं होतं. डॉक्टर चिडले, नरहरी दारापुढून हलले नाहीत. आसपासच्या गावांतल्या दोन पिढ्यांना टोचलेली लस आपण राखलेली आहे हे त्यांना ठाऊक आहे, जरा जास्तच ठाऊक आहे.

गेल्या वर्षी साठ पूर्ण झाली. शाल मिळाली, नारळ मिळाला, फोटो निघाला आणि नरहरी घरी आले. पहिले दोन दिवस वाडीतले चिकू बघण्यात गेले. तिसऱ्या दिवशी बोईसरला जाऊन त्यांनी पदरच्या पैशाने एक गोल काटा आणला आणि घरच्या फ्रीजात टांगला. मग वही आली. वहीत रकाने आले. जित्याची खोड ती, निवृत्त कशी होणार?

घरच्या फ्रीजची मालकीण होती त्यांची बायको जयवंती, आणि तिची पद्धत अगदी वेगळी. तिच्या फ्रीजात ओल्या फडक्यातला मोगरा असायचा, अर्धी लिंबं असायची, सुनेची नखं रंगवायची बाटली, टॉर्चचे सेल, कोणत्या तरी सत्यनारायणाचा सुकलेला प्रसाद, आणि झाकणं वेगळी नि डबे वेगळे अशी पंधरा-वीस भांडी. कशात काय आहे ते तिला न उघडता कळायचं. नरहरींना उघडूनही कळायचं नाही. म्हणून त्यांनी नियम केला की प्रत्येक डब्यावर चिठ्ठी आणि तारीख पाहिजे. जयवंतीने एका डब्यावर चिठ्ठी लावली. तिच्यावर लिहिलं होतं, "डबा." तारीख नव्हती.

तर फाल्गुनात जयवंतीच्या भाच्याचं लग्न निघालं वसईला. मुलगा हर्षित, सून मेघाली, जयवंती, सगळे चार दिवसांसाठी गेले. नरहरी फक्त मांडवापुरते जाऊन संध्याकाळी परत आले, कारण काटा बघायला घरी कोणी तरी हवं. चार दिवस फ्रीज एकट्याच्या हाती लागला आणि त्यांनी त्याची अशी साफसफाई केली की तो नवा दिसू लागला. ज्यावर चिठ्ठी नाही ते निकामी, हा एकच निकष. सगळ्यात वरच्या कप्प्यात, पार मागे, स्टीलची एक छोटी डबी सापडली. चिठ्ठी नाही, तारीख नाही, वास आंबट. नरहरींनी ती केळीच्या बुंध्याशी ओतली, कढत पाण्याने धुतली आणि ओट्यावर पालथी घालून ठेवली.

जयवंती परत आली तेव्हा तिला आधी फ्रीज दिसलाच नाही, ती पालथी डबी दिसली. मग डबी पुसून कपाटात ठेवत म्हणाली, "बरा साफ केलात." एवढंच. त्या रात्री जेवणात पाकिटातलं दही आलं. दुसऱ्या दिवशीही तेच. ताकाची रवी खुंटीला टांगली गेली ती टांगलेलीच राहिली.

चौथ्या दिवशी मेघालीने सासऱ्यांना ओटीवर गाठलं. "बाबा, त्या डबीत काय होतं माहीत हाय का तुमाला? विरजण होतं. आईंनी उमरोळीहून आनलेलं."

"कधी आनलं?"

"तुमच्या लग्नात."

आता नरहरींना आठवलं. अडतीस वर्षांपूर्वी नवी नवरी घरात आली तेव्हा तिच्या ट्रंकेबरोबर एक मातीचं बुडकुलंही आलं होतं. उमरोळीच्या घरी तीन म्हशी होत्या, आणि सासूबाईंनी लेकीला त्यांच्या दह्याचं विरजण दिलं होतं. आजचं दही लावताना त्यातलं चमचाभर उद्यासाठी ठेवायचं, उद्याच्यातलं परवासाठी. असं ते अडतीस वर्षं चाललं होतं. सासूबाई जाऊन नऊ वर्षं झाली. मेहुण्याने म्हशी विकल्या, गोठ्याच्या जागी खोल्या बांधून भाड्याने दिल्या. आईच्या हातचं म्हणावं असं जयवंतीपाशी तेवढंच उरलं होतं, आणि ते जिवंत होतं. चार दिवस दही लावायला आपण नसणार म्हणून तिने जपून फ्रीजात ठेवलं, आणि जन्मभर लशी राखलेल्या माणसाने ते केळीला घातलं.

नरहरींना फार वाईट वाटलं. सत्तावीस वर्षांत त्यांच्या हातून लशीची एक बाटली वाया गेली नव्हती. ते उठले आणि म्हणाले, "तिनं कोना-कोनाला दिलं होतं?"

"सगळ्या गावाला," मेघाली म्हणाली. "जा शोधायला."

ते गेले. पहिलं घर शेजारच्या पंढरीचं. दहा वर्षांपूर्वी पंढरीच्या बायकोने विरजण नेलं होतं हे मेघालीने सांगितलेलं. नरहरींनी कारण सांगितलं, "सुनेला पायजे होतं." खरं बोलायची हिंमत झाली नाही. पंढरीच्या बायकोने फ्रीज उघडला तर आत सात पाण्याच्या बाटल्या, शहाळं, चटणीच्या फुकट मिळालेल्या पुड्यांनी भरलेली परडी आणि देवाच्या तेलाची बाटली. दही पाकिटातलंच. "म्हस गेली नि विरजणही गेलं, काका," ती म्हणाली. "पन विरजण तर जयवंतीकाकीकडंच..." नरहरींनी पुढचं ऐकलं नाही. जाताना तिला एवढं मात्र सांगितलं की फ्रीज भिंतीपासून वीतभर पुढे ओढ.

दुसरं घर जिवल्याचं. जिवल्याची होडी आहे आणि त्याच्या फ्रीजात वरपासून खालपर्यंत मासळी. कोलंबी, मांदेली, बर्फाच्या कप्प्यात एक अख्खा घोळ वाकवून बसवलेला. "इथं दही ठेवलं तर दुसऱ्या दिशी त्याला मांदेलीचा वास," जिवल्या म्हणाला. "आमची बायको दही कपाटात ठेवायची, मडक्यात. मडकं मांजरानं पाडलं. पन नरूदादा, तुला दही कशाला, वैनीकडे हाय ना?"

जिवल्या बालमित्र. त्याच्यापुढे नरहरी ओट्यावर बसले आणि म्हणाले, "मी फेकलं ते."

जिवल्या हसेल असं त्यांना वाटलं होतं. तो हसला नाही. त्याच्या बायकोने मात्र आतून विचारलं, "तुमच्या मागच्या खोलीत ते सातारचे भाडेकरी राहायचे ना, शिवाजी नि रखमाबाई? तिला दिलेलं जयवंतीनं, मी तिथंच होते. बोईसरला हाय ती आता. तिला विचारा."

जिवल्याकडून त्यांनी थर्माकोलची पेटी घेतली, ती साबणाने तीनदा आणि लिंबाने एकदा धुतली. बर्फ घेतला, पण लगेच पेटीत घातला नाही. त्याला पाणी सुटेपर्यंत उन्हात धरला, कारण कडक बर्फाला टेकलेली वस्तू गोठते हे त्यांना पक्कं माहीत. वर काटा ठेवला आणि रिक्षात बसले. शेजारी बसलेल्या कारखान्यातल्या कामगाराने पेटीकडे बघून विचारलं, "चाचा, मछली है?"

"दही लाने जा रहा हूँ."

"दही के लिए इतना बंदोबस्त?"

"बहुत पुराना है," नरहरी म्हणाले.

रखमाबाई तिसऱ्या मजल्यावर राहते. शिवाजी कारखान्यात सुपरवायझर झाला, खोली जाऊन फ्लॅट आला, पण दार उघडताच तिने "या भाऊ" म्हणून पाट पुढे केला तो घिवलीच्या खोलीतला. पाणी पिण्याआधीच नरहरींनी सांगून टाकलं, "माझ्या हातून बायकोचं विरजण गेलं. तिच्या आईचं होतं. तुमच्याकडं असलं तर बघा."

रखमाबाई आत गेली आणि फ्रीजचं दार उघडून म्हणाली, "हितं या." शेंगदाण्याच्या चटणीच्या बरण्या, नातवाचं औषध, वाटीतली मेंदी, आणि मधल्या कप्प्यात झाकलेलं दही. "म्हशीचं दूध न्हाई गावत, पिशवीचंच लावते. पर इरजण त्येच हाय, जयवंतीताईचं. पंधरा वर्सं झाली. गावाकडं जाताना सुदिक संगं नेते. माझ्या लेकीनं बी नेलंय पुण्याला. आमच्यात ह्याला घिवलीचं दही म्हणत्यात."

नरहरींनी झाकण उचलून बघितलं. आपल्या घरी उमरोळीचं म्हणून आलेलं हिच्याकडे घिवलीचं झालं होतं. रखमाबाईने डबी भरून दिली. नरहरींनी ती फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवली आणि परतीच्या वाटेवर दोनदा काटा बघितला. पाच होता.

घरी येऊन त्यांनी पेटी जयवंतीपुढे ठेवली. "रखमाबाईकडनं आनलं. चुकलो मी." जयवंतीने डबी उचलली, वास घेतला आणि दूध तापत ठेवलं. सकाळी दही लागलं होतं, सुरी लावावी इतकं घट्ट. तिने बोटाने चाखलं. डोळे पुसले आणि म्हणाली, "आईचंच हाय."

नरहरी म्हणाले, "आता नाय जाऊ देत. वरच्या कप्प्यात वेगळी जागा करतो, तारीख घालून..."

"दोनदा मेलंय ते आधी," जयवंती म्हणाली. "हर्षितच्या बाळंतपनात एकदा, तुमच्या आईला सांगायचं राहिलं नि तिनं सगळं दही संपवलं. नंतर त्या वादळात, गावात पाच दिवस वीज नव्हती तेवा. एकदा पंढरीच्या आईकडनं परत आनलं, एकदा जिवल्याच्या बायकोकडनं. द्यायचं कशाला असतं मंग? आपल्याकडचं गेलं तर दुसऱ्याकडं असावं म्हनून."

फ्रीज नव्हता तेव्हापासून या बाईने काटा न लावता, वही न लिहिता एक जिवंत वस्तू अडतीस वर्षं टिकवली होती, ती घराघरांत ठेवून.

"म्हंजे रखमाबाईकडं हाय हे तुला माहीत होतं?"

"व्हय."

"मंग तू का नाय आनलंस? चार-पाच दिवस पाकिटाचं खाल्लं आपन."

"मी थोडंच फेकलं होतं?" जयवंती म्हणाली. "तुमी जाता का नाय ते बघत होते."

एवढं बोलून तिने दोन वाट्या भरल्या, वर ताटल्या झाकल्या आणि त्यांच्या हातात दिल्या. एक पंढरीकडे, एक जिवल्याकडे. नरहरी वाट्या सांभाळत पायऱ्या उतरले. अंगणात पोचले तेव्हा मागून तिचा आवाज आला.

"नि चिठ्ठी लावू नका त्यांच्यावर."