वाघळांचं झाड आणि सुभेदारांचं बाकडं

शेतकी कॉलेजातून बाहेर पडल्यावर मला साताऱ्यातल्या एका सार्वजनिक बागेवर देखरेखीची नोकरी लागली, तेव्हा सत्तरीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. बागेवर बाईमाणूस येणार ही बातमी माझ्या आधीच तिथं पोचली होती, पण सगळ्यांपर्यंत नाही. पहिल्या सकाळी मी फाटकातून आत शिरले, तर फिरायला आलेल्या एका आजोबांनी मला अडवलं आणि समजुतीनं सांगितलं, "पोरी, हितं फुलं तोडायला मनाई हाय बरं का."

"मीच नवी पर्यवेक्षक आहे," मी म्हणाले.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मग तर अजिबात तोडू नका," ते म्हणाले.

ते सुभेदार. मूळचे पाटणकडचे, फौजेतून निवृत्त होऊन साताऱ्यात मुलाकडं राहिलेले. घरात हुकूम चालवायला सुनेनं वाव ठेवला नव्हता, म्हणून ते बागेत येऊन चालवत. बागेच्या मधोमध वडाच्या कुळातला एक अवाढव्य नांद्रुक होता आणि त्याच्या सावलीत एक लोखंडी बाकडं. ते बाकडं सुभेदारांचं. दुसरं कुणी बसलं की ते समोर उभे राहून नुसते खाकरत. माणूस आपोआप उठायचा.

अडचण अशी, की नांद्रुकावर वाघळांची वस्ती होती. मोठाली, तांबूस मानेची वाघळं दिवसभर काळ्या छत्र्या टांगल्यासारखी लटकलेली असत आणि त्यांची घाण खाली पडत राही. सुभेदारांचा सदरा पांढराशुभ्र, परीटघडीचा. रोज सकाळी एक झाड आणि एक सदरा यांच्यात लढाई व्हायची आणि रोज झाड जिंकायचं.

"सुभेदार, बाकडं दुसरीकडं हलवू का?" असं मी विचारलं असतं तर त्यांनी ऐकलं नसतं. मी उलटं विचारलं, "तुम्हीच दुसऱ्या बाकड्यावर का बसत नाही?"

"पोस्ट सोडून?" सुभेदारांनी असं पाहिलं, जणू मी त्यांना सरहद्दीवरून पळून जायला सांगितलंय.

मग मी झाडाखाली पाटी लावली : 'कृपया येथे बसू नये.' कॉलेजात शिकल्यासारखा तो पहिला उपाय सुचला. आठवड्याभरात वाघळांनी पाटी अशी रंगवली की फक्त 'येथे बसू' एवढंच वाचता येई. सुभेदारांनी मला बोलावून ते दाखवलं आणि छत्री उघडून खाली बसले.

पण बाकीचे लोक वैतागले होते. त्यांनी बाग समितीच्या अध्यक्षांकडं तक्रार केली. अध्यक्ष हौशी गृहस्थ, बागेला लागूनच त्यांचा बंगला होता. ते पाहणीला आले आणि म्हणाले, "बाई, सोपं आहे. झाडाखाली फटाके लावा, वाघळं जातील. मग वरच्या फांद्या छाटून टाकू, म्हणजे परत यायची नाहीत."

ही वाघळं उंबराची, जांभळाची फळं खाऊन बिया लांबवर टाकतात, डोंगरावर त्यांनीच झाडं लावलीत, असं मला सांगायचं होतं. पण नोकरी नवी होती आणि समोर अध्यक्ष होते. तोंडातून निघालं ते एवढंच : "साहेब, फांद्यांचं नंतर बघू." कसं कोण जाणे, ते मान्य झालं. फटाके लावायची जबाबदारी सुभेदारांनी स्वतःहून घेतली. दारूगोळा म्हटल्यावर तो दुसऱ्याच्या हाती देणं त्यांना बरं वाटेना.

भर सकाळी माळ लागली. सगळं झाड एकदम आभाळात उठलं. काळे पंख, किंचाळ्या, खाली गळणारी पानं. उन्हात ती वाघळं गोंधळून एकमेकांवर आपटत होती. फटाके थांबले तेव्हा बाकड्याशेजारी काहीतरी धपकन पडलं. आईच्या पोटावरून सुटलेलं पिल्लू होतं ते. डोळे टक्क उघडे, पंख अंगाभोवती लपेटलेले.

सुभेदार त्याच्याजवळ वाकले. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, तिच्यात पिल्लू घेतलं आणि माळ्याला शिडी आणायला सांगितलं. "लेकुरवाळी होती व्हय," ते हळू आवाजात म्हणाले. "हे आदी का न्हाई सांगितलं?"

सांगायला हवं होतं, पण अध्यक्षांसमोर माझं तोंड उघडलं नव्हतं. माळ्यानं पिल्लू एका खालच्या फांदीला लटकवलं. दुसऱ्या सकाळी ते तिथं नव्हतं. आई येऊन घेऊन गेली, असं सुभेदारांनी जाहीर केलं. बागेत मांजरं पुष्कळ होती, पण त्यांचा विषय मी काढला नाही.

बाकीची वाघळं कुठं गेली ते त्याच दिवशी कळलं. अध्यक्ष स्वतः धापा टाकत आले. "बाई, तुमची वाघळं आमच्या चिंचेवर बसलीत! मोटार बघा, भिंती बघा! परत न्या त्यांना."

जणू मी दावं घेऊन गेले की ती मागून येणार होती. पण त्या क्षणी मला प्रथमच जाणवलं, की या माणसाला माझी गरज आहे. मी शांतपणे म्हणाले, "आणता येतील, साहेब. पण बागेत आवाज बंद, फांद्यांना हात लावायचा नाही आणि बाकडं हलवायचं."

"हलवा, हलवा, सगळं हलवा!"

"आन बंगल्यावर फटाकं वाजवू नका," मागून सुभेदार म्हणाले. "लेकुरवाळ्या हायत."

थोड्या दिवसांत वाघळं आपली आपणच नांद्रुकावर परतली. बाईंनी आणली, असं गावभर झालं. मी नाही नाही म्हणत राहिले, तसा लोकांचा विश्वास अधिकच पक्का होत गेला. सुट्टीत घरी, तासगावला गेले तर वडलांनी कपाळाला हात लावला. ते द्राक्षबागेचे मालक, वाघळं म्हणजे त्यांचे जन्माचे वैरी. "आमी हितं डबं बडवून त्यास्नी हाकलतोय," ते म्हणाले, "आन तू तिथं पगार घिऊन राखतीस व्हय गं?" पण रात्रीच्या जेवणाला त्यांनी ती हकिकत शेजाऱ्यांना बोलावून मला पुन्हा सांगायला लावली.

बाकड्याची नवी जागा सुभेदारांनीच निवडली. झाडापासून दूर, पण तिथून संध्याकाळी वाघळं किल्ल्याच्या डोंगराकडं निघालेली नीट दिसत. झाडाखालच्या जागेत मी लोकांना जायला बंदी केली आणि तिथलं खत गुलाबाच्या वाफ्यांना घातलं. पुढच्या हंगामात असे गुलाब आले की अध्यक्ष पाहुण्यांना मुद्दाम दाखवायला आणू लागले. डोंगराच्या बाजूला उंबर आणि जांभूळ लावायलाही त्यांनी मग हरकत घेतली नाही.

काही वर्षांनी मला सांगलीच्या नदीकाठच्या एका बागेत मोठ्या जागेवर बोलावणं आलं. मुलाखतीसाठी मी झाडांबद्दल, मातीबद्दल, पुराच्या पाण्याबद्दल पुष्कळ तयारी केली होती. समितीतल्या एका वयस्क व्यापाऱ्यांनी चष्मा पुसत पहिलाच प्रश्न विचारला, "बाई, तुमी आला तर वाघळं मागनं येत्यात का वं?"

"झाडं असतील तर येतील," मी म्हणाले.

ते खळखळून हसले. पुढच्या महिन्यात मी कामावर हजर झाले.