टोरांटो डावीकडे आहे!

हसायचं नाही असं कबूल कराल, तरच सांगते. बरं, हसा; पण चहाचा कप खाली ठेवून हसा.

माझा नवरा, निखिल, पहिल्यांदाच परदेशी निघाला. दिल्ली ते टोरांटो, साडेअकरा हजार किलोमीटर, चौदा-पंधरा तास, मध्ये कुठे थांबणं नाही! आणि हा माणूस आपल्याच शहरात बेस्याहून इतवारीला जाताना दोनदा रस्ता विचारतो. सकाळी तो उडाला आणि विमान कुठवर पोचलं ते दाखवणारं अ‍ॅप उघडून मी बसले. चार वर्षांच्या मिठीला शब्द दिला होता, "रात्री जेवायला बसू तेव्हा बाबाचा फोन येईल." मग लक्ष नको ठेवायला?

भिंतीवर मिठीसाठी आणलेला जगाचा नकाशा. त्यावर मी पट्टी लावली. दिल्लीहून सरळ डावीकडे: इराण, तुर्की, स्पेन, समुद्र, टोरांटो. किती सोपं!

आणि विमान? ते निघालं वर! दोन तास झाले, वरच. दुपारी पाहते तर रशियाच्या डोक्यावर! आता वळेल, मग वळेल... छे! लावला कंपनीला फोन.

"मॅडम, विमान वेळेवर आहे."

"वेळेवर असेल हो, रस्त्यावर नाहीये! टोरांटो डावीकडे आहे!"

"कशाच्या डावीकडे, मॅडम?"

"नकाशाच्या!"

"मॅडम, पायलटला रस्ता माहीत असतो."

"निखिलही असंच म्हणतो!"

चार वाजता विमान ग्रीनलँडवर. स्क्रीनभर नुसतं पांढरं! आणि ह्याने स्वेटर नेलाय एकच. मला रडूच फुटलं. मला बघून मिठीनेही भोकाड पसरलं.

"काहून रडून राहिल्या वं दोघी?" सासूबाई स्वयंपाकघरातून आल्या. मला सोबत म्हणून उमरेडहून आलेल्या. हातात कोहळं, म्हणजे तुमचा लाल भोपळा.

"आई, विमान वाट चुकलं!"

त्यांनी मोबाइल पाहिला, नकाशा पाहिला, मग मला पाहिलं. कोहळं टेबलावर ठेवून पिठाच्या बोटाने त्यावर दोन ठिपके दिले. "हे आपलं, हे निख्याचं. मिठीच्या रिबिनीनं मोज. आधी पोटावरून."

मोजलं.

"आता वरून, देठाकडून."

देठाकडून चांगली दोन बोटं रिबीन उरली!

"जमीन गोल हाय असं तुमच्याच पुस्तकात हाय ना? मंग पायलट काहून पोटावरून जाईन? त्याले पोचायची घाई नसते?"

आम्ही जेवायला बसलो आणि खरंच फोन वाजला. मिठीने झडप घातली. "बाबा, तू देठाकडून गेला?"

मग मोबाइल माझ्याकडे. "अगं, सदतीस मेसेज? 'पायलटच्या खांद्यावर हात ठेवून शांतपणे समजावून सांग' म्हणजे काय?"

मी ताटात मान घातली. सासूबाईंनी कोहळ्याची भाजी वाढता वाढता चेहरा अगदी भोळा केला. त्यांना सगळं माहीत होतं, बरं का!

"मिठी व्हायच्या आधी तू शाळेत शिकवत होती ना वं?"

"हो."

"काय शिकवत होती?"

"आई, भाजी काय मस्त झालीय!"

"शिकवत काय होती, म्हनलं?"

पोरीसमोर खोटं तरी कसं बोलणार?

"भूगोल," मी म्हटलं. "सातवीच्या दोन्ही तुकड्यांना."