सखारामजींनी नाव घेतलं नाही

काम संपलं की सखारामजी मोटरचं बॉनेट उघडत, आतून अंगठ्याएवढा एक काळा तुकडा काढत, फडक्याने पुसत आणि सदऱ्याच्या खिशात टाकून घरी जात. त्या तुकड्याला रोटर म्हणतात. तो नसला की इंजिन चालूच होत नाही. संस्थानच्या मोटरखान्यात त्यांना लागलेली ही सवय. संस्थान गेलं, मध्यभारत राज्य आलं आणि सखारामजी बड़ा गणपतीजवळच्या आमच्या वकीलसाहेबांकडे ड्रायव्हर म्हणून लागले, पण सवय तीच राहिली.

मी तेव्हा वकीलसाहेबांचा मुनशी होतो, वय बावीस, मुक्काम त्यांच्याच बाहेरच्या खोलीत. रोटरची गोष्ट आम्हा तिघांनाच ठाऊक होती: सखारामजी, वकीलसाहेब आणि मी.

माणूस उंच, किडकिडीत, मिशा पांढऱ्या. मोटरशी बोलायचे. मी हसलो की म्हणत, "भिया, हिला कान आहेत. तू हळू बोल." गाडीत बसताना साहेबांनी दार आपटलं, तरी ऐकवत, "साहेब, दार आहे, पक्षकार नाही." साहेबांना असं बोलू शकणारा तो एकच माणूस होता.

एका सकाळी दोघे जण दारात आले. एकाच्या अंगात खाकी कोट आणि छातीवर पितळी बिल्ला, दुसऱ्याच्या हातात पत्र्याची पेटी. "मोटर की हिफाजत का काम करते हैं," बिल्लेवाला म्हणाला. शहरात मोटरी चोरीला जाताहेत, आम्ही स्टिअरिंगला विलायती कुलूप लावून देतो, वर आमचा चौकीदार फेरी मारतो, वगैरे. सखारामजी गाडी पुसत होते. त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं.

"कोणाकोणाच्या गाडीला लावलं?"

"बहुत बड़े बड़े लोग हैं, उस्ताद."

"एक दाखवा. आत्ता चला, मी येतो बरोबर."

दोघे एकमेकांकडे बघू लागले. "नाम बताने की मनाई है," बिल्लेवाला म्हणाला.

"मग कुणाच्या तरी गाडीला लावून झालं की या," असं म्हणून सखारामजींनी त्यांना पाणी पाजलं आणि वाटेला लावलं. मला म्हणाले, "जो आधी घाबरवतो आणि मग पेटी उघडतो, त्याच्याकडून काही घ्यायचं नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी तेच दोघे पुन्हा आले. मोटर साहेबांना घेऊन कोर्टात गेली होती. मी बैठकीत नकला करत बसलो होतो. त्यांनी मला "मुनशीजी" म्हटलं. तोवर मला कोणी जी लावलं नव्हतं. बिल्लेवाला म्हणाला, तुमचा ड्रायव्हर जुन्या काळचा, त्याला काय कळतं? मला सखारामजींचा अपमान सहन झाला नाही, निदान तेव्हा मला तसंच वाटलं. मी ताठ बसून म्हणालो, "तो रोज रोटर काढून घरी नेतो. तुमच्या कुलपाची आम्हाला गरज नाही." "वाह," तो म्हणाला, आणि दोघे निघून गेले.

त्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी मोटर जागेवर नव्हती.

सखारामजी नेहमीच्या वेळी आले आणि रिकाम्या शेडसमोर उभे राहिले. खिशातून रोटर काढून साहेबांपुढे धरला. साहेबांनी त्यांची उलटतपासणी सुरू केली.

"ह्याच्याशिवाय गाडी हलत नाही, हे तुम्हीच सांगता ना?"

"हो."

"मग ती गेली कशी?"

"असा दुसरा बाजारात मिळतो, साहेब. हा काढलेला असतो हे ज्याला माहीत, तो तसा घेऊन आला असेल."

"आणि हे माहीत कुणाला?"

मी दाराजवळ उभा होतो. सखारामजींनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"मला," ते म्हणाले.

पोलिसांनी त्यांना दोन दिवस बसवून ठेवलं आणि पुराव्याअभावी सोडलं. नोकरी गेली. आठवड्याने मोटर महूच्या रस्त्यावर सापडली, पेट्रोल संपलेली, बाकी शाबूत. आत कुणाचा तरी नवा रोटर होता. तरी चोर ड्रायव्हरच, असं गल्लीत ठरून गेलं होतं.

आणि पुढच्याच आठवड्यात ते दोघे कुलूप घेऊन हजर! "गाडी मिली?" त्यांनी आपुलकीने विचारलं. चोर असतील तर परत कशाला आले? नसतील, तर मी सांगितल्यावर चारच दिवसांत गाडी कशी गेली? का त्यांनी भलत्याच कुणाला सांगितलं? आज माझं वय ऐंशीच्या पुढे आहे, अजून मला ह्याचा उलगडा होत नाही. वकीलसाहेबांनी मात्र त्यांच्याकडून कुलूप विकत घेतलं.

सखारामजींना पुन्हा कोणी मोटर चालवायला दिली नाही. परदेशीपुऱ्यात राहायला जाऊन ते एका मिलमध्ये बॉयलर साफ करू लागले. दोन वर्षांनी मी धीर करून गेलो. ते ओट्यावर बसले होते. मी सगळं सांगितलं.

"अंदाज होता," ते म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"अंदाजावर तुझी रोजी घालवू? माझं तेच तर झालं, भिया."

मी पाय धरायला वाकलो. त्यांनी मला वर ओढलं. "मला सांगून काय उपयोग? आत जा, हिला सांग. वाढते, कपडे धुते, बोलत काही नाही. पण मी झोपलो की खिसे चाचपते, चोरीचं काही सापडतं का ते."

मी आत गेलो. वहिनी भाकरी थापत होत्या. त्यांची चार-पाच वर्षांची मुलगी कुसुम त्यांच्या पाठीला टेकून बसली होती. वहिनींनी मला पाट दिला, गरम भाकरी वाढली. मी भाकरी खाल्ली, "येतो" एवढंच म्हटलं आणि मागच्या दाराने निघून आलो. सखारामजींना तोंड दाखवलं नाही, पुन्हा कधीच नाही. काही वर्षांनी ते गेले. मग वहिनीही गेल्या.

कुसुम आता अन्नपूर्णा भागात राहते, नातवंडांची आजी आहे. छापायला देण्याआधी हे सगळं मी परवा तिला वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर तिने विचारलं, "काका, त्या दिवशी आईला का नाही सांगितलं?"

भाकरी गरम होती, एवढंच मला आठवत होतं.

तिने माझ्या हातातून कागद घेतले. भिंतीवर आईवडिलांचे फोटो शेजारी शेजारी होते. आईच्या फोटोसमोर उभी राहून, चष्मा सावरून, तिने ते पहिल्यापासून मोठ्याने वाचायला सुरुवात केली.