वाढत्या अंगाची मिरची

त्या गावात ऊन जावयासारखं यायचं. वर्षातून दोनदा, आणि धुणं वाळत घालेपर्यंत निघालेलं. बाकीचे दिवस धुकं, भुरभुर आणि मधूनच गारा. अशा हवेत शहाण्या माणसाच्या परसात शेवाळ येतं आणि तो त्यात समाधान मानतो. सूटवाल्याने मिरच्या लावल्या.

सूटवाला म्हणजे शिंपी. चाळीस वर्षं त्याने फक्त पुरुषांचे सूट शिवले, आणि तेही असे की आत माणूस आणि त्याचं पाप एवढंच मावेल. वारासुद्धा शिरता कामा नये. कोणी म्हणालं, जरा ढगळ ठेवा, तर तो म्हणायचा, "तंबू हवाय तर सर्कशीत जा." बायको दुकानातच मागे बसून काजं-बटणं करायची. घरात लेकरू नव्हतं, आणि लेकरांचे कपडे तो शिवायला घेत नसे.

मिरचीचं वेड त्याला हौसेने लागलं नव्हतं. गेल्या वर्षी बायकोला ताप आला आणि जाताना तिची चव घेऊन गेला. वासही. डॉक्टर म्हणाला, येईल हळूहळू. आठ महिने झाले, चव काही घरी परतली नाही. बायको जेवायची ती गाडीत पेट्रोल भरल्यासारखी. चार घास की ताट बाजूला. सूटवाल्याने तिचे झगे तीनदा आत घेतले. चौथ्यांदा टेप कमरेभोवती फिरवली आणि आकडा बघितला. हातातल्या टाचण्या त्याने परत डबीत टाकल्या.

तिचा भाऊ जहाजावर आचारी. तो सुट्टीवर आला तेव्हा त्याने असा एक रस्सा केला की शेजारच्यांनीही खिडक्या लावल्या. बायकोने चमचाभर घेतला आणि जिभेच्या शेंड्याकडे बोट दाखवलं. "इथे काहीतरी झालं बरं का."

एवढंच. पण सूटवाल्याने ते पकडलं. बाजारातल्या मिरच्या आणून पाहिल्या, तर त्या निव्वळ काकड्या, तिखटपणाचा नुसता आव. शेवटी मेव्हण्याने औषधाच्या बाटलीतून सात बिया दिल्या. "भावोजी, ही जात माणसाला पूर्वज दाखवते. पण तुमच्या या गटारासारख्या हवेत ती येणार नाही."

"हवेला विचारलंय कोणी?" सूटवाला म्हणाला.

सातही उगवल्या. वीतभर झाल्या आणि आभाळाने तोंड उघडलं. सूटवाल्याने देवाला दोन शिव्या घातल्या, गळ्यात टेप अडकवली आणि परसात जाऊन रोपांची मापं घेतली. उंची, घेर, फांद्यांचा खांदा, सगळं वहीत. गिऱ्हाइकांनी शिवून घेऊन कधी न नेलेले सूट त्याच्याकडे पडून होते. ते फाडून त्याने आत लोकरी अस्तर, वर मेणकापड असे सात कोट शिवले. एकाला तर बँकेच्या साहेबाचं लग्नाचं जाकीट लाभलं. साहेबाचं लग्न मोडलं होतं, रोपाचं नशीब उघडलं.

दहा दिवस गारा पडल्या. लोकांच्या कुंड्या फुटल्या, कोबीची चाळण झाली. सूटवाला खिडकीतून आपले सात साहेब बघायचा आणि मिशीत हसायचा. उघाड पडल्यावर त्याने पहिल्या कोटाची बटणं काढली, आणि त्याचं तोंड उतरलं.

रोप वाढलं होतं, पण जाणार कुठे? शेंडा कापडाला धडकून खाली वळला होता. पानं अस्तराला चिकटून कुजली होती. जी चार फुलं आली ती घासून गळली होती. पाच रोपं गेलीच. दोन जेमतेम तगली.

बायको मागे येऊन उभी राहिली. "काय सुरेख बसलेत हो," ती म्हणाली. "प्रेताला बसतात तसे."

"आता जखमेवर मीठ चोळ."

"चोळलं तरी मला काय चव कळणार आहे? अहो, हे साहेब नाहीत. लेकरं आहेत. लेकरांचे कपडे वाढत्या अंगाचे शिवतात. आणि फूल हलल्याशिवाय फळ धरत नाही, तुम्ही वाराच बंद केलात."

चाळीस वर्षांत त्याने स्वतःची शिलाई कधी उसवली नव्हती. त्या दुपारी उसवली. कोटांचे तुकडे जोडून, तारेची कडी घालून, दोन रोपांसाठी दोन अघळपघळ घागरे केले. करताना तो असा लाजत होता की दुकानाचं दार लावून घेतलं. बायको रोज सकाळी खाली वाकायची, घागऱ्यात हात घालायची आणि एकेका फुलाला टिचकी मारायची. "हल, आळशा," म्हणायची.

एक मिरची धरली. एकच. अंगठ्याएवढी, सुरकुतलेली, दीड महिना घेऊन लाल झाली. ती तोडली त्या दिवशी मेव्हणा पुन्हा हजर.

"बी ठेवा, भावोजी. पुढच्या वर्षी पन्नास रोपं होतील."

"आणि पुढच्या वर्षापर्यंत हिच्या झग्यात कोणाला घालू, तुला?"

"अहो, एका मिरचीने काय होणार आहे?"

"मग तुझ्या बियांचं लोणचं घाल."

दोघांची जुंपली तोवर बायकोने मिरची उभी चिरली, उकडलेल्या बटाट्यावर ठेवली आणि बियांसकट अर्धी तोंडात टाकली.

ती चावत राहिली. सूटवाल्याने टेबलाची कड धरली. काही नाही. मग तिचे कान लाल झाले, नाक वाहायला लागलं, एक उचकी आली आणि तिने नवऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार सुरू केला. तिसऱ्या पिढीपाशी थांबून म्हणाली, "आहे."

"काय आहे?"

"जीभ. जीभ आहे मला."

"आणि चव?"

"चव कसली बोडख्याची. पण जेवतेय असं वाटतंय." डोळे पुसत तिने बटाट्यांचं पातेलं ओढलं आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मेव्हण्याने मोठ्या ऐटीत मिरचीची सुरी चाटली आणि उठून नळाकडे पळाला.

"बघत काय बसलात?" ती भरल्या तोंडाने म्हणाली. "दुसऱ्या रोपाला फुलं आहेत का ते बघून या."

बाहेर पुन्हा गारा सुरू झाल्या होत्या. सूटवाला डोक्यावर ताट धरून गेला. घागऱ्यात डोकावून मोजलं, तीन फुलं होती. ताट वाजत होतं, त्यामुळे घरातलं काही ऐकू येत नव्हतं, पण खिडकीतून दिसत होतं. मेव्हण्याची जीभ अजून नळाखाली होती, आणि बायको तिसऱ्यांदा वाढून घेत होती.