मस्कतमध्ये दादा जेवत नव्हते

"अन्ननलिकेचा कॅन्सर आहे," डॉक्टर म्हणाले, "आणि तो बराच पसरलाय."

मी आईकडे पाहिलं. आईने दादांकडे पाहिलं. माझे वडील, दादा, खुर्चीत ताठ बसून होते. तेच आधी बोलले. "डॉक्टर, मी जन्मभर मास्तर होतो. पोरांचे निकाल वाचण्यात नोकरी गेली. आता माझा निकाल तुम्ही सरळ वाचा."

डॉक्टरांनी सरळ वाचला. ऑपरेशनची वेळ निघून गेली होती. मग त्यांनी कागद पुढे ओढला आणि विचारलं, "गिळायला त्रास कधीपासून होतोय?"

मी उत्तर देणार होते. मस्कतहून परतल्यावर सुरू झालं, असं आईने मला फोनवर सांगितलं होतं. दादांनी हात वर करून मला थांबवलं.

"मागच्या दिवाळीपासून," ते म्हणाले.

दादा माझ्याकडे मस्कतला आले होते ते संक्रांतीनंतर. म्हणजे माझ्या घराचा उंबरा ओलांडला तेव्हा त्यांच्या घशाखाली हे होतंच. नाशिकच्या त्या दवाखान्यात, परक्या माणसासमोर, मला हे कळत होतं. मला रडू आलं नाही. मला भयंकर राग आला.

हे मी लिहिते आहे ते ज्यांचे आईवडील आखातात लेकीकडे, लेकाकडे पाहुणे म्हणून येतात त्यांच्यासाठी. धीर वगैरे द्यायला नाही. माझ्याकडे तो उरलेला नाही.

लग्नानंतर मी विवेकबरोबर ओमानला गेले ती नव्वदच्या दशकाच्या शेवटी. तेव्हापासून दादांना बोलावत होते. दरवेळी काहीतरी आडवं यायचं. आधी त्यांची नोकरी, मग सटाण्याहून नाशिकच्या इंदिरानगरला बिऱ्हाड हलवणं, मग आईचे गुडघे. शेवटी एकदाचा व्हिजिट व्हिसा निघाला. आईने बरोबर काय काय आणलं होतं! कळण्याचं म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ, शेवभाजीची शेव, खानदेशी मसाला, गोधडीत गुंडाळलेले पापड. विमानतळावरच्या माणसाने गोधडी उलगडायला लावली आणि पापडांची चळत बघून तो हसला. आम्हीही हसलो. तेवढंच काय ते हसू.

मी वांगी आणली, गॅसवर भाजली, भरीत केलं. पुरणपोळी केली. शुक्रवारी सुट्टी, त्यामुळे गुरुवारपासूनच माझी तयारी चालायची. दादा ताटावर बसत, दोन घास घेत, प्रत्येक घासावर पाणी पीत आणि ताट सरकवत. कढी मात्र वाटीवर वाटी. ताकही. भाकरीला हात लावत तो दुधात कुस्करण्यापुरता.

पहिले काही दिवस मी म्हटलं, प्रवासाने झालं असेल. मग हवापाणी. मग मी मागे लागले. का जेवत नाही, माझ्या हाताला चव नाही का, डॉक्टरकडे जाऊ या का? एका दुपारी दादांनी हसत हसत उत्तर दिलं. आम्ही घरात एकमेकांशी अहिराणीच बोलतो.

"आंडेरना घरनं खावानं नई बेटा. नातू व्हऊ दे, मंग पोटभर जेवसू."

लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचं अन्न खायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. आजोबांच्या पिढीने पाळली, दादांनी कधीच नाही. माझ्या थोरल्या बहिणीकडे तिच्या लग्नानंतर पहिल्याच महिन्यात ते श्रीखंडावर ताव मारून आले होते. पण लग्नाला इतकी वर्षं होऊनही मला मूल नव्हतं. त्यासाठी मी काय काय केलं, किती सुया टोचून घेतल्या, हे दादांना माहीत होतं. ते वाक्य त्यांनी टाकलं आणि मी ताट उचलून स्वयंपाकघरात गेले. त्यानंतर त्यांना जेवायचा आग्रह केला नाही. डॉक्टरचं नावही काढलं नाही.

आता कुणीही सांगेल की त्या रीतीत लेकीच्या घरचं पाणीसुद्धा वर्ज्य असतं, आणि दादा तर तांब्याने पाणी पीत होते. रीत पाळणारा माणूस ती अशी उलटी पाळत नाही. पण आई, विवेक, मी, आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नाही. उलट ते उतरलेले दिसतात म्हणून विवेकने व्हिसा वाढवून घेतला. समुद्राची हवा लागली की अंग धरतील, असं आमचं शहाणपण. दादा रोज संध्याकाळी मत्रह बंदराच्या किनाऱ्यावर बोटी बघत बसायचे. त्यांना ते फार आवडायचं.

ते नाशिकला परतले. मे महिन्यात मी सुट्टीवर माहेरी आले तेव्हा दार उघडणारा माणूस मला क्षणभर ओळखू आला नाही.

मग तपासण्या. आधी बेरियम स्वॅलो, म्हणजे चुन्यासारखं पांढरं औषध गिळायला लावतात आणि ते खाली जाताना एक्स-रे काढतात. फोटोत पांढरी रेघ मध्येच दोऱ्याएवढी बारीक झालेली. मग एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून आत बघणं. तिथूनच मांसाचा कण काढून बायोप्सीला पाठवला. मग सीटी स्कॅन. प्रत्येक रिपोर्टसाठी आम्ही बाकड्यावर बसून असायचो. बाकीचे रुग्ण डबे उघडून जेवत असत, आणि दादा त्यांच्याकडे बघत असत. मला ते बघवायचं नाही.

गिळायला होणाऱ्या त्रासाला डॉक्टर डिस्फॅजिया म्हणतात. त्यांनी मला नीट समजावलं. "आधी भाकरी, मांस, असं कडक अडकतं. मग मऊ भात. मग पातळसुद्धा. माणूस नकळत पातळाकडे वळतो आणि घासाघासाला पाणी पितो. घरच्यांना वाटतं, वय झालं, जेवण कमी झालं." मला वाटलं, हे माझ्या मस्कतच्या टेबलाशी बसून गेले की काय!

रेडिएशन दिलं. त्याने कॅन्सर जाणार नव्हता, वाट थोडी मोकळी झाली तर व्हावी एवढाच हेतू होता. थोडे दिवस झालीही. दादांनी मऊ खिचडी खाल्ली, तेव्हा आईने देवापुढे साखर ठेवली. मग पुन्हा बंद. तेव्हा जेजुनॉस्टॉमी केली. पोटावर लहानसं छिद्र पाडून आतड्यात नळी घालतात आणि त्यातून अन्न देतात. पेज, वरणाचं पाणी, सगळं दोनदा गाळून. सिस्टरने मला शिकवलं. माझं चुकायचं तेव्हा ती माझ्या हातावर हात ठेवायची. तिची मी कायमची ऋणी आहे.

भूक मात्र पोटातून जाते, तोंडातून जात नाही. हे कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. एकदा दादांनी भरीत मागितलं. मी केलं. त्यांनी चिमूटभर जिभेवर ठेवलं, डोळे मिटले, चव घेतली आणि वाटीत थुंकलं.

"मीठ कमी शे," म्हणाले.

त्याच दिवशी मी विचारलं. कितीतरी दिवस गिळून ठेवलेलं होतं. म्हटलं, "दादा, दिवाळीपासून दुखत होतं तर आलात कशाला? आणि आलात तर सांगितलं का नाही? आणि नाही सांगितलं तर नाही, पण ते वाक्य कशाला?"

ते छताकडे बघत म्हणाले, की आधी ॲसिडिटी वाटली. सांगितलं असतं तर तुम्ही येऊच दिलं नसतं, आणि तुझं घर मला बघायचं होतं. तिथे आल्यावर वाढलं. पण जावयाच्या दारात आजारपण काढायचं नाही, परक्या मुलखात तर नाहीच.

"आणि ते वाक्य?" मी सोडलं नाही.

"ते बोलनू म्हंजे तू गप बठशी, इतलं माले माहीत व्हतं."

म्हणजे मला गप्प कसं करायचं हे शोधून त्यांनी नेमकं तिथे बोट ठेवलं होतं. माझं दुखणं वापरून त्यांनी स्वतःचं दुखणं झाकलं. मी खोलीबाहेर गेले. तासाभराने परत आले, कारण पेज द्यायची वेळ झाली होती. नळी जोडली. त्यांनी माझा हात धरला आणि सोडला नाही. मी रागातच होते, पण हात काढून घेतला नाही.

श्रावणात ते गेले. शेवटी थुंकीही गिळता येत नव्हती. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

लोक मला विचारतात, माफ केलंस का? नाही केलं. दादांवर माझं फार प्रेम होतं, अजून आहे, आणि मी त्यांच्यावर अजून चिडलेली आहे. लवकर कळलं असतं तर ते वाचले असते का, हेही डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "संधी मिळाली असती. वाचलेच असते असं नाही म्हणणार." त्या संधीचं काय करायचं ते मला अजून समजलेलं नाही. सकाळी उठल्यावर ती तिथेच असते.

पुढे दोन वर्षांनी सायखेड्याहून माझे सासरे मस्कतला आले. मी ताटं वाढली आणि समोर बसले. त्यांचा प्रत्येक घास मी बघत होते. किती चावतात, पाणी कधी घेतात, घशाची घाटी वरखाली होते का. दोन दिवस त्यांनी सहन केलं.

"सूनबाई," तिसऱ्या दिवशी म्हणाले, "असं टक लावून काय बसती? माणसानं जेवायचं कसं?"

"भाकरी अडकते का?" मी विचारलं.

"नाय अडकत. उगं काय इचारती?"

मला पटलं नाही. विवेक नको नको म्हणत असताना मी त्यांना डॉक्टरकडे नेलं आणि दुर्बीण घालायला लावली. परक्या देशात, पाहुणा आलेल्या धडधाकट माणसाला. काही निघालं नाही. अन्ननलिका स्वच्छ होती. ते माझ्यावर इतके संतापले की मुक्काम अर्ध्यावर टाकून परत गेले. विमानतळावर मी वाकून नमस्कार केला तेव्हा आशीर्वाद विवेककडे बघून दिला.

आता ते सायखेड्याला आहेत. दोन्ही वेळा भाकरी खातात, असं माझा दीर फोनवर सांगतो. माझ्या घरी पुन्हा यायचं नाव काढत नाहीत. तिथल्या माणसांना सांगतात, ती बाई पाहुण्याला जेवू देत नाही.

सांगू देत. मला चालेल.